डबी फिरवून बघा
जीवनसत्त्वाच्या गोळ्या: रोजचा खर्च किती, आत भर कशाची आणि कोणाला काय चालत नाही

कनेरगाव नाक्यावरून वाशीमकडे निघालं की पैनगंगा लागते आणि जिल्हा बदलतो. गाव शिवेवरचं, त्यामुळे इथल्या माणसाला औषधपाण्यासाठी दोन वाटा: हिंगोली नाहीतर वाशीम. आता मोबाइलमुळे तिसरी वाट झाली आहे. माझ्या आत्याची डबी या तिसऱ्या वाटेने आली. तळपायाला मुंग्या येतात, चालताना पाय बधिर होतात, एवढं ती फोनवर बोलून गेली आणि पुण्यातल्या नातवाने काळजीपोटी आजीसाठी मल्टिव्हिटॅमिनची डबी मागवली. किंमत १,४५० रुपये. आठव्या दिवशी आत्याच्या दंडावर आणि पोटावर गांधी उठल्या.

मी तिच्याकडे गेलो तेव्हा डबी देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली होती. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ताकद, रोगप्रतिकारशक्ती, नैसर्गिक वगैरे. मागची बाजू वाचायला नातीच्या मोबाइलचा कॅमेरा मोठा करून धरावा लागला. जीवनसत्त्वं आणि खनिजं २३. त्याखाली वनस्पतींचा अर्क म्हणून एक मिश्रण, त्यात नऊ नावं. त्याखाली आणखी बारीक अक्षरात बांधणीचे पदार्थ, वरचा लेप, रंग. डॉक्टरांनी गोळी बंद करायला सांगितली, ॲलर्जीची गोळी दिली आणि म्हणाले, "यातलं नेमकं काय चाललं नाही हे मी कसं सांगू? चाळीस जणांच्या गर्दीत एक चोर आहे." आत्याला दहा वर्षांपासून साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू आहे. त्या औषधाने शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं. रक्त तपासलं तर तेच कमी निघालं. बाकीच्या २२ गोष्टींची तिला त्या घडीला गरज नव्हती.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की, नेमकं काय कमी आहे ते आधी कळू द्या आणि मग तेवढंच घ्या. गोळीत जितके कमी पदार्थ, तितकी ती बहुधा स्वस्त, आणि त्रास झालाच तर चोर पकडायलाही सोपी.

भर असतेच, ती कशाची हे बघायचं

"आमच्या गोळीत फिलर नाही" असं सांगून दुप्पट दाम घेणारे वाढले आहेत. त्याआधी हा हिशेब करा. प्रौढ माणसाला दिवसाला बी-१२ लागतं २.२ मायक्रोग्रॅम, हे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यातलं प्रमाण. आपल्याकडे मिळणाऱ्या औषधी गोळीत ते ५०० किंवा १,५०० मायक्रोग्रॅम असतं. १,५०० मायक्रोग्रॅम म्हणजे दीड मिलिग्रॅम, चिमटीत धरता येणार नाही इतकं. ते बोटात धरता यावं, पाकिटात राहावं आणि प्रत्येक गोळीत सारखं उतरावं म्हणून त्यात भर घालावीच लागते. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, डायकॅल्शियम फॉस्फेट, मक्याचा स्टार्च ही भर. मशीनला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट किंवा टाल्क, पोटात जाऊन फुटावी म्हणून क्रॉसकारमेलोज. बहुतेकांना यातल्या कशाचाच त्रास होत नाही. मॅग्नेशियम स्टिअरेटचं नाव वाचून डबी टाकून द्यायची गरज नाही.

खरी अडचण ठरावीक माणसाला ठरावीक पदार्थाची असते. ती ज्याची त्याने ओळखायची.

आपल्याकडचं पहिलं नाव सोयाबीन. हिंगोली-वाशीम पट्ट्यात शेतंच्या शेतं सोयाबीनची, तरी ड किंवा ई जीवनसत्त्वाच्या मऊ कॅप्सूलमध्ये सोयाबीन तेल असतं हे किती जणांच्या लक्षात येतं? ही जीवनसत्त्वं तेलात विरघळतात आणि सोयाबीन तेल स्वस्त पडतं. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिनं नावापुरतीच राहतात, त्यामुळे सोया न चालणाऱ्यांपैकीही अनेकांना ते चालतं. पण ज्याला सोयाने कधी घसा सुजण्याइतका त्रास झाला असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. खाद्यपदार्थांच्या लेबलवर ॲलर्जीची वेगळी ओळ असते, तिच्यात तेलाचा उल्लेख असेलच असं नाही. म्हणून घटकांची पूर्ण यादी वाचायची. लेसिथिन किंवा आयएनएस ३२२ दिसलं तर ते बहुधा सोयाचं असतं. अरॅकिस ऑइल म्हणजे शेंगदाण्याचं तेल.

दुसरं लॅक्टोज. दूध न पचणारी माणसं गोळीतलं लॅक्टोज वाचून घाबरतात. दुधाच्या पेल्यात साधारण नऊ-दहा ग्रॅम लॅक्टोज असतं, गोळीत मिलिग्रॅममध्ये, म्हणजे चिमूटभर. दूध पिऊन नुसतं पोट फुगत असेल तर एखाद्या गोळीने सहसा काही होत नाही. मात्र ज्या लेकराला दुधातल्या प्रथिनांचीच ॲलर्जी आहे त्याची गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरांच्या संमतीशिवाय पुढे जायचं नाही.

तिसरं गहू. सीलिॲक आजार असलेल्यांना गव्हातलं ग्लूटेन चालत नाही. गोळ्यांत स्टार्च बहुतेकदा मक्याचा असतो, पण लेबलवर नुसतं स्टार्च किंवा मॉडिफाइड स्टार्च लिहिलेलं असेल तर कशाचा, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

चौथं रंग. टारट्राझीन म्हणजे आयएनएस १०२, सनसेट यलो म्हणजे ११०. हे पिवळे-केशरी रंग आपल्याकडे चालतात, पण थोड्या लोकांना त्यांनी गांधी उठतात, दमेकऱ्यांपैकी काहींना जास्त त्रास होतो. टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे १७१, हा पांढरा रंग युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांतून काढला. भारतात तो चालतो, औषधांत तर युरोपातही अजून आहे. रंगाने गोळीचा गुण तसूभर वाढत नाही. दोन सारख्या गोळ्यांत बिनरंगी मिळत असेल तर ती घ्यावी, एवढंच माझं मत.

माळकऱ्यांचा आणि जैनांचा प्रश्न

नामदेव महाराजांचं नर्सी याच हिंगोली तालुक्यातलं, आणि पलीकडे वाशीम जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ. या टापूत माळ घातलेली आणि जैन कुटुंबं भरपूर. मेडिकलच्या काउंटरवर "भाऊ, हे कॅप्सूल कशाचं असतं?" हा प्रश्न इथे नेहमीचा आहे आणि विचारणाऱ्याला सरळ उत्तर मिळालं पाहिजे.

मऊ किंवा दोन तुकड्यांची पारदर्शक कॅप्सूल बहुधा जिलेटिनची असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. शाकाहारी कवच हायप्रोमेलोजचं असतं, लेबलवर एचपीएमसी, ते लाकूड-कापसाच्या तंतूपासून बनवतात. पूरक आहार म्हणून विकलेल्या डबीवर हिरवा ठिपका किंवा मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण असावाच लागतो, म्हणून तिथे काम सोपं. औषधाच्या स्ट्रिपवर असा ठिपका छापायचं बंधन नाही. तिथे कॅप्सूलऐवजी साधी गोळी मागणं हा सगळ्यात सरळ उपाय. बी-१२, बी-कॉम्प्लेक्स, कॅल्शियम, लोह हे सगळं गोळीत मिळतं.

ड-३ चं आणखी एक आहे. ते बहुतेक ठिकाणी मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात. मेंढी मारावी लागत नाही, तरी काहींना ते नको असतं. त्यांच्यासाठी लायकेनपासून केलेलं ड-३ मिळतं. लायकेन म्हणजे आपल्या काळ्या मसाल्यात जे दगडफूल पडतं त्याच्या गोतातलं. ते महाग पडतं. फरक फक्त उगमाचा असतो, शरीरातलं काम तेच, त्यामुळे श्रद्धेसाठी घ्यायचं असेल तर जरूर घ्या, गुण जास्त येईल म्हणून घेऊ नका.

स्ट्रिप आणि डबी

या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, आणि ती सांगणारं फारसं कोणी भेटत नाही. एकाच जीवनसत्त्वाची गोळी आपल्याकडे दोन कायद्यांखाली विकली जाते.

एक औषध म्हणून. स्ट्रिपवर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच, मुदत असते. औषध किती आहे ते मिलिग्रॅममध्ये असतं. पण भर कशाची? तिथे बहुतेकदा दोनच शब्द: एक्सिपियंट्स क्यू. एस. म्हणजे भर, लागेल तेवढी. नाव नाही. रंगाचं नाव तेवढं दिलेलं असतं. सिरप असेल तर फ्लेवर्ड सिरपी बेस, म्हणजे गोड पाक. मधुमेह्याने ते वाचून ठेवावं.

दुसरी पूरक आहार म्हणून, खाद्यपदार्थांच्या कायद्याखाली. त्यावर हेल्थ सप्लिमेंट आणि औषधी वापरासाठी नाही असं इंग्रजीत छापलेलं असतं, १४ अंकी एफएसएसएआय परवाना असतो आणि घटकांची पूर्ण यादी, ॲलर्जीची ओळ असते. इथे भर दिसते. पण १४ अंकी क्रमांकाचा अर्थ व्यवसायाला परवाना आहे इतकाच. तुमच्या हातातली डबी सरकारने तपासली असं त्यातून होत नाही. "एफडीए ॲप्रूव्हड" लिहिलेली परदेशी डबी दिसली तर सावध व्हा, अमेरिकेचं एफडीए पूरक आहाराला विक्रीआधी मंजुरी देतच नाही. यूएसपी व्हेरिफाइड किंवा एनएसएफची खूण असेल तर तिला अर्थ आहे, बाहेरच्या संस्थेने आतलं प्रमाण तपासलेलं असतं. आयात केलेल्या मालावर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता चिकटवलेला नसेल तर तो घेऊच नये.

मग घ्यावं काय? कमतरता तपासून निघाली आहे आणि ॲलर्जी कशाची नाही, तर औषधाची साधी स्ट्रिप. ॲलर्जी आहे, तर पूर्ण यादी छापलेली डबी, नाहीतर स्ट्रिपवरच्या कंपनीच्या क्रमांकावर फोन करून भर विचारून घ्यायची. हा फोन करता येतो हेच लोकांना माहीत नसतं.

मिश्रणाच्या नावाखाली एकच मोठा आकडा देऊन आतल्या प्रत्येकाचं प्रमाण लपवलेलं असेल तर मी ती डबी परत ठेवतो. ज्याच्यासाठी पैसे मोजायचे ते किती आहे हेच सांगत नसतील, तर मोजायचे कशाचे?

दिवसाला किती पडतं

डबीची किंमत बघू नका, दिवसाची काढा. आत्याच्या डबीत ६० गोळ्या होत्या, पण मागे बारीक अक्षरात एका वेळचं प्रमाण दोन गोळ्या. म्हणजे डबी ३० दिवसांची, दिवसाला ४८ रुपये. पुढच्या बाजूचे सगळे आकडे दोन गोळ्यांचे धरलेले होते. ही खोच बऱ्याच डब्यांत असते, गोळ्यांची संख्या भागिले एका दिवसाच्या गोळ्या हे काउंटरवरच करून बघा.

कंपनीच्या मालाचे भाव ढोबळमानाने असे: बी-कॉम्प्लेक्सची गोळी दीड ते तीन रुपये, क जीवनसत्त्वाची चघळायची गोळी दीड-दोन रुपये, निव्वळ बी-१२ पाच ते बारा रुपये, कॅल्शियम आणि ड-३ एकत्र आठ-दहा रुपये, ड-३ ची ६०,००० आययूची कॅप्सूल २५ ते ४५ रुपये. ऑनलाइन मल्टिव्हिटॅमिन गोळीमागे आठपासून पंचवीस रुपयांपर्यंत. गमी म्हणजे जेलीसारख्या गोळ्या दहा ते वीस रुपयांना एक आणि त्यात पहिला घटक बहुतेकदा साखर. लेकरं त्या खाऊ समजून खातात, म्हणून घरात आणल्याच तर कुलपात. छापील किंमत बदलत राहते, पाकीट बघूनच ठरवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आणि पूरक आहाराचा १८ वरून ५, तेव्हा जुनी चढी किंमत सांगणाऱ्याला विचारायला हरकत नाही.

कॅल्शियमच्या गोळीत एक फसगत होते. १२५० लिहिलेलं आणि ५०० लिहिलेलं पाकीट शेजारी ठेवलं की १२५० वालं भारी वाटतं. १२५० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेटमधून शरीराला मिळणारं कॅल्शियम ५०० मिग्रॅच असतं. लेबलवर एलिमेंटल शब्दापुढचा आकडा तोलायचा.

जनऔषधी केंद्रात हीच औषधं ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असतात असं सरकारचं म्हणणं आहे. जवळचं केंद्र आणि भाव जनऔषधी सुगम या ॲपवर दिसतात. त्यासाठी हिंगोली-वाशीमची चक्कर पडते, पण मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना त्याआधीपासूनच प्रवास फुकट. कोर्टकचेरीच्या किंवा बाजाराच्या कामाला जाताना दोन महिन्यांचं आणून ठेवलं की चक्कर वसूल होते.

आणि काही गोष्टींना पैसाच पडत नाही. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. उपकेंद्रात हिमोग्लोबिन बघतात. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या सरकारी गोळ्या रंगाने ओळखायच्या: पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, दहा ते एकोणीसच्या पोरापोरींना निळी, दोन्ही आठवड्यातून एक. गरोदर बाईला लाल, रोज एक, १८० दिवस, तीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. पाच वर्षांखालच्या लेकरांना बाटलीतलं पातळ औषध. आशाताई घरी आणून देतात ती गोळी आणि मेडिकलमधलं दीडशे-दोनशेचं रक्तवाढीचं टॉनिक, यात लोहाचा आकडा बघितला तर सरकारी गोळी कुठेच कमी नाही. संडास काळी होते म्हणून ती सोडू नये, लोहाने तसं होतंच. चहासोबत मात्र घेऊ नये, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

दोन धोके

ड-३ ची ६०,००० आययूची कॅप्सूल आठवड्यातून एक असते, तीही डॉक्टर सांगतील तितके आठवडे. दिवसाची गरज ६०० आययू. "ताकदीची गोळी" समजून ती रोज घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ, खूप तहान, गोंधळल्यासारखं होणं, शेवटी मूत्रपिंडावर येतं. घरात आणली की पाकिटावर पेनाने वार लिहून ठेवा: गुरुवार. पुढचा गुरुवार येईपर्यंत हात लावायचा नाही.

दुसरं केसांसाठीचं बायोटिन. जास्त डोसच्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येतात. तपासणीला जाताना लॅबवाल्याला सांगायचं आणि डॉक्टर म्हणतील तितके दिवस आधी थांबवायचं. फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम भरपूर असतं, रक्तदाब असलेल्यांनी साधी गोळी घ्यावी.

आपल्या उन्हाचंही बघा. मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि बऱ्याच पाकिटांवर लिहिलेलं असतं, ३० अंशांखाली ठेवा. मी मागे मेमध्ये ऑनलाइन मागवलेली कॅप्सूलची डबी उघडली तर आत एकच गठ्ठा, एकमेकींना चिकटून बसलेल्या. कंपनीने परत घेतली नाही, कारण मी उघडतानाचा व्हिडिओ काढलेला नव्हता. तेव्हापासून उन्हाळ्यात मेडिकलमधूनच घेतो, एका महिन्याची, आणि पत्र्याखाली नाही तर माठाच्या बाजूच्या गार कोनाड्यात ठेवतो. क जीवनसत्त्वाच्या गोळीवर तपकिरी ठिपके आले की ती टाकून द्या.

बिल मागा. बिल असलं की तक्रारीला बळ येतं. पूरक आहाराबद्दल एफएसएसएआयचा १८००-११२-१००, औषधाबद्दल राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५, किंमत आणि फसवणुकीबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिन्ही फुकट लागतात. बोलताना पाकीट हातात ठेवा, पहिला प्रश्न बॅच नंबरचा येतो.

आत्याला डॉक्टरांनी आधी बी-१२ ची इंजेक्शनं दिली, मग रोजची एक गोळी. निव्वळ बी-१२, दुसरं काही नाही. गोळीला सात रुपये, महिन्याला २१०. स्ट्रिपवर नेहमीसारखं एक्सिपियंट्स क्यू. एस. लिहिलेलं, रंगात टायटॅनियम डायऑक्साइड. पहिली गोळी घ्यायच्या आधी तिने मला पाकिटावरचा नंबर लावायला सांगितला आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. "माझ्या अंगावर गांधी उठतात बाई, यात पिवळा रंग हाय का, सोया हाय का, तेवढं सांगा." पलीकडच्या मुलीने बॅच नंबर लिहून घेतला. चार दिवसांनी नातीच्या मोबाइलवर उत्तर आलं: मक्याचा स्टार्च, सेल्युलोज, मॅग्नेशियम स्टिअरेट, टाल्क, वरचा लेप हायप्रोमेलोजचा. सोया नाही, पिवळा रंग नाही. आत्याने नातीकडून ते वहीच्या कागदावर उतरवून घेतलं आणि गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं.